खिळ्यानं पाडलेलं भोक

आमच्या घरी बेलिफ आहे. येऊन-जाऊन नाही, कायमचा मुक्कामाला. कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं, सामान उचलून न्यायचं आणि निघताना पोटभर शिव्या खायच्या, हे आमच्या हिचं काम. सगळे तिला जप्तीमावशी म्हणतात. मी तिचा नवरा, शिंपी. मला कोणी काही म्हणत नाही. म्हणालेच तर ‘मावशींचे मिस्टर’ म्हणतात, तेही जरा आवाज उतरवून, जसा काही मी आजारी आहे.

तसं मी सोसतो बरंच. डॉक्टरांनी मला तंबाखू बंद करायला सांगितली, त्याच संध्याकाळी हिनं माझी डबी जप्त केली. मी घर डोक्यावर घेतलं. तिनं शांतपणे चष्मा लावला आणि पावती लिहून हातात ठेवली: डबी एक, पत्र्याची, झाकण सैल, आत निम्मी तंबाखू. "हरकत असेल तर रीतसर अर्ज करा," म्हणाली. अर्ज कोणाकडे करायचा, तर तिच्याकडेच. डबी अजून सुटलेली नाही.

तिची कामाची एक पद्धत आहे. ज्याची वस्तू, त्यानंच ती उचलून दाराबाहेर आणायची. बाकीचे बेलिफ हमाल घेऊन जातात, ढकलाढकली करतात, दाराच्या चौकटीला ओरखडे पाडतात. ही चपला बाहेर काढते, प्यायला पाणी मागते, घोट घोट पिते आणि मालकाला म्हणते, "तुमच्या वस्तूची सवय तुमच्या हातांना. तुम्हीच आणा." लोकांना वाटतं, मावशी आपला मान राखतात. राखते, ते खोटं नाही. परक्या माणसानं आपलं कपाट फरशीवरून ओढत नेलेलं बघणं फार वाईट. पण ही बाई तेवढ्यावर भागणारी नव्हे. माणूस वस्तू उचलत असतो आणि ही डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत असते.

एकानं शपथेवर सांगितलं होतं की टीव्ही बंद पडून जमाना झाला, भंगारात काढायचाय. मग त्यानं तो टीव्ही खोलीतून असा आणला की बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं. हिनं तिथल्या तिथं तार जोडायला सांगितली. चित्र लख्ख आलं. "खोटं बोलायचं ठरलंय, हे हातांच्या लक्षात राहत नाही," असं तिचं म्हणणं. मला हे म्हणणं पटतं. पटवून घ्यायला लागतं, कारण मीही त्याच मार्गानं पकडला गेलेला माणूस आहे.

झालं असं की माझे वडील एका मित्राला जामीन राहिले होते. मित्र पसार झाला आणि कोर्टाचा हुकूम आमच्या दुकानावर आला. घेऊन आली ही. नोकरीत नवीन, वेणी घट्ट, चेहरा वेणीपेक्षा घट्ट. दुकानात उचलण्यासारखं एकच काय ते माझं शिलाई मशीन. "तुमचं तुम्ही आणा," म्हणाली. मी उचललं. उचलताना सवयीनं अंगठा चाकावर दाबून धरला, कारण चाक फिरलं की सुई खाली येते आणि धागा तुटतो. ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खाली ठेवा. यावर तुमचं पोट आहे. पोटाचं साधन कायद्यानं उचलता येत नाही." मशीनऐवजी भिंतीवरचा मोठा आरसा आणि गिऱ्हाइकाची खुर्ची घेऊन गेली. पुढचं वर्षभर आमच्या गिऱ्हाइकांनी उभ्या उभ्या, स्वतःला न बघता कपडे घालून पाहिले. आणि मी आरसा सोडवायच्या निमित्तानं कोर्टाच्या इतक्या खेपा घातल्या की शेवटी आरसा तिच्यासकटच घरी आला.

अशा या बाईच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात घोडी आली.

मोठ्या बागेच्या फाटकासमोर बग्ग्या उभ्या असायच्या. मुलांना बसवायचं, एक फेरी मारून आणायची. त्यातल्या बऱ्याचशा बग्ग्या एकाच माणसाच्या. हा बग्गीवाला दिसायला अगदी सज्जन. पांढरेशुभ्र कपडे, जिभेवर साखर, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या गालाला हात. त्याची एक घोडी एके दुपारी भर चौकात बग्गीसकट खाली बसली. बग्गीत दोन कुटुंबं, शिवाय त्यांच्या पिशव्या. तिला उठवायला त्यानं आधी चाबूक वापरला, मग चाबकाचा दांडा, मग बूट. बघ्यांपैकी एका बाईनं तक्रार केली. जनावरांचे डॉक्टर आले, पोलीस आले आणि खटला उभा राहिला.

या गुन्ह्याचा कायदा मला फार आवडला. जनावराचा छळ सिद्ध झाला तर नुसता दंड टाकून मोकळं होता येत नाही. जनावर मालकाच्या हातून जातं, आणि ज्या सामानानं छळ केला ते सामानही जातं. घोडी, बग्गी, चाबूक, लगाम, सगळं सरकारजमा. छळ सिद्ध झाला नाही तर मात्र यातलं सगळं मालकाला परत. निकाल लागेपर्यंत सगळा माल कोर्टाच्या ताब्यात. कायद्याच्या भाषेत घोडीसुद्धा मालच, मुद्देमाल. म्हणून कोर्टातल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं मुद्दी.

बग्गी गोदामात गेली. चाबूक, लगाम आणि तंग यांचं गाठोडं बांधून त्यावर लाखेचं सील ठोकलं. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून घेऊन बक्कलनं आवळतात तो कातडी पट्टा. राहिली घोडी. गोदाम नाझरसाहेबांच्या हाताखाली. नाझर म्हणजे कोर्टाच्या सगळ्या सामानाचा धनी. आमचे नाझर जप्त केलेल्या पंख्यावरची धूळसुद्धा पुसू देत नाहीत. "माल जसा आला तसाच राहिला पाहिजे, बाई. पुसायचा नाही, दुरुस्त करायचा नाही, तेल-पाणी काही नाही." घोडी बघितल्यावर ते जरा मागे सरकले आणि म्हणाले, "हिला ठेवायला फळी नाही."

जनावरांच्या निवाऱ्यात जागा नव्हती. आणि नियम असा की गोदाम ताबा घेईपर्यंत माल आणणाऱ्यानंच सांभाळायचा. आणणारी कोण, तर आमची ही. मुद्दीला सायकलस्टँडच्या मागे पत्र्याखाली बांधलं.

मी तिला पहिल्यांदा बघितलं ते तिथंच. बरगड्या मोजता येतील अशा. पाठीवर, खोगिराच्या जागी, तळहाताएवढी जखम. मान खाली घालून उभी होती, आणि कोणी हात वर केला, साधं डोकं खाजवायला जरी केला, तरी डोळे मिटून घ्यायची. माणसाचा राग येणं मला काही नवीन नाही, गिऱ्हाइकांचा रोज येतो. पण त्या बग्गीवाल्याचा आला तसा राग मला पूर्वी कोणाचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही मलम घेऊन निघाली तर नाझर आडवे आले. मी डबा द्यायला गेलो होतो, त्यामुळे हे संभाषण मी कानांनी ऐकलंय.

"बाई, मी काय सांगितलं होतं? जसा आला तसा."

"जखम आहे तिला, साहेब. माशा बसतात."

"ती जखम पुराव्यात आहे."

"मग माशा पण पुराव्यात घ्यायच्या का? पकडून देते."

नाझर विचारात पडले. माणूस वाईट नाही, त्याला फक्त नियम मोडल्याची स्वप्नं पडतात. "वरून मार्गदर्शन मागवतो," म्हणाले. मार्गदर्शन आजतागायत आलेलं नाही. ते येईपर्यंत म्हणून हिनं मलम लावलं. ते येईपर्यंत म्हणून खूर साफ करून घेतले, नाल बदलले, हरभरे भिजत घातले. माझ्या डब्यातली गाजरंही ते येईपर्यंत म्हणूनच बंद झाली.

मुद्दीचं कोर्टात बरं चाललं. तारीख घ्यायला आलेली माणसं दिवसभर ताटकळत बसायची, त्यांना करमणूक झाली. ज्यांचं काम झालं ते खुशीनं आणि ज्यांचं नाही झालं ते चिडून, पण दोघंही तिला काही ना काही खाऊ घालून जायचे. थंडी पडली तशी हिनं मला झूल शिवायला सांगितली. मी घोडीचं माप पूर्वी कधी घेतलं नव्हतं. टेप पोटाखालून घेताना तिनं त्याचं टोक खाल्लं, त्यामुळे माझी मापं आता सुरुवातीलाच चुकीची निघतात. दुकानात वकिलांच्या कोटाचं काळं कापड उरलेलं होतं, त्याचीच शिवली. झूल पांघरून मुद्दी उभी राहिली की लांबून थेट बार रूमच्या बाहेर कोणी ज्येष्ठ वकील उभे असावेत असं वाटायचं. एका आजोबांनी तिला नमस्कार केला आणि जवळ आल्यावर चष्मा काढून पुसला.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखायची आमची रीत असते, म्हणजे कपडा पुढे मोठा करता येतो. मी ते भरपूर ठेवलं होतं. तरी थोड्याच दिवसांत झूल तंग झाली. मी उसवून मोठी केली. परत झाली. परत उसवली. ही मुद्दीच्या वाढत्या पोटाकडे अशा कौतुकानं बघायची की मला हेवा वाटायचा. माझंही पोट गेली काही वर्षं वाढतंय, त्याचं कोणी कौतुक केलेलं मला आठवत नाही. उलट त्यावरून डाळ-भाताची जप्ती झालेली आहे.

आणि मग खटल्याची तारीख लागली, आणि हिनं केलेली सगळी सेवा हिच्याच अंगावर आली.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि चपला न काढता खुर्चीत बसली. मी चहा ठेवला. तिनं तो थंड होऊ दिला. जप्तीला गेल्यावर लोकांनी अंगावर कुत्री सोडली, तरी ही बाई घरी येऊन हसत सांगते. त्या दिवशी तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं?"

"माझं डोकं फिरलं होतं, दुसरं काय."

बग्गीवाल्याच्या वकिलानं कोर्टात मोठी नामी युक्ती काढली होती. तो म्हणाला, घोडी त्या दिवशी खाली बसली, कबूल. अशक्त दिसली, पाठीला खोगीर घासलं होतं, तेही कबूल. डॉक्टरांनी तपासली ती त्याच दिवशी. पण जनावर आहे, एखादा दिवस आजारी पडतं. माझ्या अशिलानं तिला उठवायचा प्रयत्न केला तो काळजीपोटी. एका दिवसाच्या आजारपणावरून एखाद्या माणसाची मालमत्ता काढून घेणार का? घोडी आजही कोर्टाच्या आवारात आहे. साहेबांनी स्वतः बघावी. छळ झालेलं जनावर असं असतं का?

"आणि ती कशी दिसते, माहितीय ना तुम्हाला?" ही म्हणाली. "केस चमकतात तिचे. पाठीवर जखमेचा नुसता पांढरा डाग राहिलाय. नाझर बरोबर बोलत होते. मीच खाऊ घातलं, मीच न्हाऊ घातलं आणि त्या माणसाचा पुरावा मीच तयार करून दिला. उद्या जजबाई बघायला येणार आहेत. बघतील आणि म्हणतील, घेऊन जा. आणि तो घेऊन जाईल."

तिचे डोळे भरून आले होते. मला धीर द्यायला येत नाही. मी धीर द्यायला गेलो की समोरचा आणखी रडतो, असा अनुभव आहे. म्हणून मी माझी तक्रार काढली.

"तू तिकडे रडतेस, इकडे माझी पंचाईत," मी म्हटलं. "झूल आता वाढवू कशी? आतलं कापड संपलं. पहिल्या मापाची झूल ती. त्या मापात ती घोडी आता काही केल्या मावायची नाही. दोन टोकं एकमेकांना भेटतच नाहीत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग उठून चपला काढल्या, थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाली, "अहो, उद्या दुकान बंद ठेवा. नवीन कापड लावून झूल पूर्ण करा आणि दुपारी घेऊन या. टेप पण आणा. आणि तिथं काहीही झालं तरी तोंड उघडू नका."

"मी कधी तोंड उघडतो?"

"आत्ता उघडलंत ते बरं केलंत," म्हणाली आणि जेवायला बसली. चांगली पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलस्टँडच्या मागे हीऽ गर्दी. जजबाई वयानं लहान, पण नजर पक्की. त्यांना घोड्याच्या जवळ गेलं की शिंका येतात, हे तिथं पोचल्यावरच त्यांना कळलं. बग्गीवाला पांढऱ्या कपड्यांत. त्याच्या शेजारी त्याचा वकील, काळ्या कोटात. समोर मुद्दी, नव्या झुलीत. दोघांचं कापड एकाच ठाणातलं होतं. मीच शिवलेलं, त्यामुळे मला खात्री आहे.

"बघा साहेब," वकील म्हणाला. "हे छळलेलं जनावर?"

झूल काढली. मुद्दीचं अंग उन्हात चमकलं. जजबाईंनी तिला वरून खालून बघितलं, एक शिंक दिली आणि मान डोलावली. ते मान डोलावणं मला अजिबात आवडलं नाही. बग्गीवाला पुढे झाला आणि गळ्याशी हात नेऊन म्हणाला, "पोटच्या पोरीसारखी वाढवली हो साहेब. द्या माझी मला."

तेव्हा आमची ही पुढे आली. पदर खोचलेला, हात जोडलेले, आवाजात इतका गोडवा की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी तो ऐकला नव्हता.

"साहेब, एक विनंती. माल परत द्यायचा झाला तर तो सगळा आहे ना, हे मालकानं आधी तपासून घ्यावं. नंतर कुरकुर नको. नाझरसाहेबांचा नियमच आहे तसा."

नाझरांची छाती फुगली. "बरोबर. माल जसा आला तसा आहे, हे मालकानं बघायचं."

जजबाईंनी मान हलवली. नाझरांनी गाठोडं आणलं, सगळ्यांना दाखवून सील फोडलं. चाबूक, लगाम, तंग. कातडं वाळून कडक झालं होतं, कारण तेलाचा थेंब लावायची सोय नव्हती. हिनं तंग दोन्ही हातांवर आडवा धरला आणि बग्गीवाल्यापुढे केला.

"घ्या मालक. तुमच्या वस्तूची सवय तुमच्या हातांना. तुम्हीच चढवा. साहेबांनाही दिसू दे, पोरीला कसं नटवता ते."

मला तेव्हा कुठे उजेड पडला, आणि तोंड न उघडण्याची अट किती कठीण होती तेही कळलं.

बग्गीवाल्यानं मुद्दीच्या मानेवर थोपटलं. तिचे कान मागे पडले. त्यानं तंग पोटाखालून घेतला, वर ओढला आणि बक्कलकडे नेला. पट्ट्याचं टोक बक्कलपासून चांगलं वीतभर अलीकडेच थांबलं. तो हसला, जरा ओढला. पोचेना. आणखी ओढला. मग त्याच्या हातांच्या लक्षातून गेलं की आपण कुठे उभे आहोत. त्यानं दात आवळले, उजवा गुडघा घोडीच्या पोटात खच्चून रोवला, दोन्ही हातांनी पट्टा खेचला आणि त्याच्या तोंडातून असा एक शब्द बाहेर पडला की आवारातले पक्षकार कौतुकानं वळून बघायला लागले. पोटच्या पोरीला तो शब्द कोणी वापरत नाही.

मुद्दी आता चौकात बसणारी घोडी राहिली नव्हती. तिनं डोळे मिटले नाहीत. फक्त एक पाय उचलला आणि त्याच्या बुटावर ठेवला. सावकाश, सगळं वजन देऊन.

त्याची सुटका झाल्यावर वकिलानं संधी साधली. "साहेब, हा तंग आमचा नाहीच! बसतच नाही. गोदामात माल बदललेला आहे!"

"माझ्या गोदामात?" नाझर ओरडले. त्यांचा आवाज इतका चढू शकतो, हे त्यांनाही ठाऊक नसावं. "माझ्या गोदामात?"

"राहू द्या ना साहेब," ही मधासारख्या आवाजात म्हणाली. "मालक म्हणतात त्यांचा नाही, तर नाही. दुसऱ्याचं सामान त्यांच्या गळ्यात कशाला? मग बग्गीही त्यांची नसेल. ती पण तपासायला हवी. तंग बदलला तर बग्गीही बदललीच असेल. ठेवून घेऊ दोन्ही."

बग्गी हातची जाते म्हटल्यावर बग्गीवाल्याचा तोल गेला. वकील त्याच्या बाहीला झोंबत होता, त्यानं त्याला झटकला.

"माझाच आहे! कोण म्हणतं नाही? हे बघा, ही भोकं मी स्वतः पाडलीत, खिळ्यानं. पहिली भोकं सैल पडायला लागली म्हणून पाडली. पुढचं टोक लोंबायचं, तिच्या पायात यायचं, ते पण मीच कापलं. तीन वर्षं झाली! तीन वर्षं तिला हाच तंग बसतोय, याच शेवटच्या भोकात!"

आणि ते भोक त्यानं बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं. बक्कल घासून घासून लांबट झालेलं, कडेनं काळं झालेलं.

वकिलानं डोळे मिटून घेतले. जजबाईंना शिंक येणार होती, ती त्यांनी रुमालात थोपवली.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "म्हणजे एक दिवस नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या गळ्यात टेप आहे. मोजा."

मी मोजलं. आधी तंग, त्या भोकापर्यंत. मग मुद्दी. आकडे मोठ्यानं सांगितले. एका जिवाला तीन वर्षं त्या मापात राहायला लावलं होतं, आणि तो कधी जाड झालाच तर मावणार नाही, असं टोकही कापून टाकलं होतं. मी आयुष्यभर लोकांची मापं घेतली. कपड्याच्या मापात माणसाला बसवणारा शिंपी मी बघितला नव्हता.

निकाल लागला. छळ सिद्ध. घोडी, बग्गी, चाबूक, लगाम आणि खिळ्यानं भोकं पाडलेला तंग, सगळं सरकारजमा. बग्गीवाला तोंड पाडून गेला. जरा लंगडतही गेला. नाझरांनी हिला बोलावून विचारलं, "बाई, आता घोडी सरकारी माल झाली. म्हणजे आता ती जशी आहे तशी राहिली पाहिजे. बारीक झाली तर जबाबदारी कोणाची?" त्यांनी त्याच दिवशी कोर्टाच्या खर्चातून हरभऱ्यांचं पोतं मागवलं. नियमावर जीव असलेला माणूस एकदा आपल्या बाजूला आला की फार उपयोगी पडतो.

पण पोतं अर्ध्यावर यायच्या आत निवाऱ्यात जागा झाल्याचा निरोप आला. मोकळं रान, दुसरी घोडी, सावली, पाणी. हवं होतं ते सगळं. ही दोन दिवस घरात भांडी जरा जोरात ठेवत होती, एवढंच.

गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. मी झूल घेऊन गेलो होतो. नाझर म्हणाले, "ज्याच्याकडे माल, त्यानंच तो दारापर्यंत आणायचा. तुमचीच पद्धत, बाई." त्यांच्या मनात काही नव्हतं. ते फक्त नियम सांगत होते.

हिनं दावं हातात घेतलं. सायकलस्टँडमधून फाटकाकडे जायची वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी सायकलींची हँडलं बाहेर आलेली. ती पुढे बघत चालली होती, चेहरा नेहमीसारखा, कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं की मावशींना काही नाही. मी तिच्या हातांकडे बघितलं. एका हातात दावं सैल धरलेलं. दुसरा हात वर मुद्दीच्या पाठीवर, त्या पांढऱ्या डागावर, पुरा पसरून ठेवलेला. एकही हँडल तिथं लागू नये म्हणून. ती जखम केव्हाच भरून आली होती.

गाडीजवळ पोचल्यावर तिनं झुलीची शिवण बोटांनी चाचपली.

"आत कापड ठेवलंय का?"

"ठेवलंय. चांगलं वीतभर."

"बरं केलंत." मग गाडीवाल्याकडे वळली. "पावती द्या."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढून खरडलं, घोडी एक. हिनं ती परत त्याच्या हातात दिली. "अशी नाही. मी सांगते तसं लिहा." त्यानं मुकाट्यानं लिहिलं. गाडी गेली.

नंतर एके दिवशी ही बाजारात गेली असताना मी तंबाखूची डबी शोधायला कपाट उघडलं. अर्ज न करता. डबी सापडली, साड्यांच्या खाली. आणि डबीखाली ती पावती. खरं तर ती दुसऱ्या दिवशी नाझरांकडे जमा व्हायला हवी होती. सरकारी कागद घरी ठेवणं हा गुन्हा असावा. मी वाचली. घोडी एक, तांबडी, कपाळावर ठिपका, पाठीवर भरलेली जखम, पोट भरलेलं. हात वर केला तर घाबरत नाही.

मी डबी होती तशी ठेवून दिली.